न टोचलेले कान

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधाच्या वितभर जागेवरून सख्ख्या भावांनी एकमेकांवर उगारलेल्या कुऱ्हाडी पाहिल्या. ते किस्से चार लोक जमले की मी तिखटमीठ लावून सांगतो. हा सांगायला लागलो की आवाज आपोआप खाली येतो. ह्यात चोर नव्हता, खुनी नव्हता. मुद्देमाल म्हणून जप्त केली होती ती दातांच्या दवाखान्यातली एक डबी, आणि आरोपी म्हणून बाकावर बसवला होता तो एक सरळ मनाचा डॉक्टर. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं, त्यांची मुलंबाळं अजून त्याच भागात आहेत.

सत्तरच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी सोलापूर शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. आमचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की हजेरी, हजेरीनंतर रात्रीच्या पकडलेल्यांची वर्गवारी, मग नळावरची भांडणं, हातमागवाल्यांच्या उधारीची भांडणं, दारू पिऊन स्वतःच्याच बायकोची तक्रार घेऊन आलेले नवरे. मी तापट माणूस. ठाण्यात आधी माझा आवाज यायचा आणि मागून मी यायचो, असं हवालदार एकमेकांत बोलायचे ते मला ठाऊक होतं. मला त्याचा अभिमानच होता म्हणा ना.

एका सकाळी हजेरी चालू असतानाच बीटवरचा हवालदार धापा टाकत आला. म्हणाला, बाजारातल्या दातांच्या डॉक्टरचा दवाखाना लोक फोडतायत. मी चार माणसं घेऊन निघालो. एका दुकानाच्या माडीवर एकच खोली, खोलीच्या मधोमध कापडी पडदा, पडद्याअलीकडं पेशंटना बसायला बाक आणि पलीकडं खुर्ची, असा तो दवाखाना. जिन्यात काचा पडल्या होत्या. डॉक्टर खुर्चीमागं उभा होता, तिशीही न गाठलेला, चष्म्याची एक काच तडकलेली. विणकरांच्या तेलुगू घरातला मुलगा. बाप मागावर, आई विड्या वळणारी, आणि हा मुंबईला शिकून आलेला घरातला पहिला डॉक्टर. लोकांच्या तावडीतून सोडवून मी त्याला ठाण्यात आणला. अटक म्हणून नव्हे, जीव वाचावा म्हणून. पण बाहेर उभ्या असलेल्या लोकांना तेवढा फरक कुठं कळतोय!

मागोमाग फिर्याद आली. फिर्यादी म्हणजे एक भुसार मालाचे व्यापारी, लिंगायत, गावात मान असलेलं घर, घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं. मी त्यांना शेठजी म्हणतो. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा दाढ दुखून हैराण होता, गाल सुजला होता. ह्या डॉक्टरनं दाढ काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्त सुरू झालं. मुलाचा चुलता त्याला परत घेऊन गेला, डॉक्टरनं खड्ड्यात पुन्हा काहीतरी भरलं आणि घरी पाठवलं. सकाळी उशी रक्तानं भिजलेली आणि पोरगं पांढरंफटक. आता ते सरकारी दवाखान्यात होतं आणि तोंडातलं रक्त थांबत नव्हतं.

शेठजींचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. ते समोर बसून म्हणाले, "साहेब, आमी लिंगवंत माणसं. घरात कदी अंडं आलं न्हाय. ह्यानं माज्या पोराच्या तोंडात जनावराचं कातडं कोंबलं. आन् ते विष भिनलं."

डॉक्टरला विचारलं तर तो कबूलच करायला बसलेला. त्यानं सांगितलं की त्या चुलत्यानंच विचारलं, हे काय घालताय, कशाचं आहे. आणि त्यानं खरं ते सांगितलं. तो स्पंज होता, जिलेटिनचा. जिलेटिन म्हटल्यावर आम्हा पोलिसांच्या डोक्यात विहिरी फोडायच्या कांड्या आल्या, तर तो म्हणाला, त्याच्याशी ह्याचा काडीचा संबंध नाही. जनावराच्या कातडीतून आणि हाडांतून जो सरस निघतो तो शुद्ध करून, फेटून, वाळवून हा स्पंज करतात. कात्रीनं तुकडा कापायचा, बोटांनी दाबायचा आणि दाढेच्या खड्ड्यात ठेवायचा. रक्त त्यात शिरतं, तिथंच धरून राहतं आणि गोठतं. काढावा लागत नाही, काही आठवड्यांत आपोआप विरघळून जातो. मी त्याच्या डबीतला एक तुकडा हातात घेऊन पाहिला. पांढरा, चिरमुऱ्याइतका हलका. एवढ्याशा वस्तूवरून गावात दंगल उसळायची वेळ आली होती.

मी डबी जप्त केली. पंच बोलावले, पंचनामा केला, डबी कापडात शिवून लाखेचं सील मारलं. ती तपासणीसाठी मुंबईला रवाना व्हायची होती. कामात चूक नको, हा माझा खाक्या. मग मी डॉक्टरला दरडावायला घेतलं. आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली, जुना माल वापरलास का, भेसळ केलीस का, पैसे वाचवायला काय काय केलंस, सगळं विचारून झालं. तो प्रत्येक वेळी तेच सांगायचा. शेवटी मी म्हटलं, पोराला रक्ताचा काही त्रास आहे का हे तरी विचारलं होतंस का? तो म्हणाला, विचारलं होतं. पडद्याच्या आतून विचारलं, मुलाची आई बाहेर बाकावर बसली होती, शेजारी आणखी एक बाई होत्या. कापलं-बिपलं तर जास्त रक्त जातं का, घरात कुणाला तसं होतं का, हे दोन प्रश्न तो प्रत्येक पेशंटला विचारायचा.

"मग आई काय म्हणाली?"

"नाही म्हणाल्या. पण जरा उशिरा म्हणाल्या, साहेब."

हे मी मनात ठेवलं. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस पटकन बोलतो, कारण त्यानं उत्तर घरूनच आणलेलं असतं. उशीर करतो तो लाजणारा माणूस. पण तेव्हा मी ह्याला डॉक्टरची पळवाट समजलो.

दुपारी दवाखान्यात गेलो. मुलगा कॉटवर कुशीवर निजलेला, तोंडाशी ट्रे, हिरडीला टाके घातलेले आणि टाक्यांच्या भोकांतूनसुद्धा रक्त पाझरत होतं. तिथले सर्जन वयस्कर होते, चिडलेले दिसत होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्याचं रक्त गोठायला फार वेळ लागतोय. पण एवढं रक्त गेल्यावर, बाटल्या चढवल्यावर तसं होऊ शकतं. हा दोष जन्माचा आहे की आत्ताचा, हे फक्त घरचीच माणसं सांगू शकतात. जन्माचा असेल तर उपाय वेगळा. मग हिरडीला सुई लावायची नाही, टाका घालायचा नाही, ताजं रक्त द्यायचं आणि खड्ड्यात नेमका तसलाच स्पंज बसवून दाबून ठेवायचा. आमच्याकडे तो आत्ता नाही, मुंबईहून येतो, असंही म्हणाले. आणि घरचे तर एकाच गोष्टीवर ठाम होते, की आमच्याकडे असलं कुणाला काही नाही.

मी आईला विचारलं. कुठं विचारलं, तर वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात, नवरा शेजारी उभा, दीर पलीकडं, आणि बाकावर मांडीवर डबा घेऊन बसलेली एक ठसठशीत बाई. ही त्यांची होणारी विहीण. मुलाच्या मोठ्या बहिणीचं लग्न मंगळवेढ्याच्या घरात ठरलं होतं आणि विहीणबाई बस्ता बांधायला म्हणून सोलापुरात आल्या होत्या. दाढ काढली त्या दिवशी साड्यांच्या दुकानाकडं जाता जाताच ह्या दोघी मुलाला घेऊन डॉक्टरकडं शिरल्या होत्या. म्हणजे दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेली बाई तीच.

मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, घरात कुणाला रक्ताचा त्रास आहे का? आईनं पदर सारखा केला. थोडा वेळ गेला. मग म्हणाली, न्हाय. मी जबाबात न्हाय लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.

जखमीचं वर्णन लिहायचं राहिलं होतं म्हणून परत कॉटपाशी गेलो. रंग, उंची, बांधा, ओळखीच्या खुणा. ह्या खुणा लिहायची आम्हाला इतकी सवय असते की हात आपोआप चालतो: कपाळावर तीळ, हातावर गोंदण, कान टोचलेले. आमच्या भागात बारसं झालं की काही महिन्यांत सोनाराकडून पोराचे कान टोचून घेतात, मुलगा असो की मुलगी. भोकं पुढं बुजतात, पण ठिपका राहतो. मी लिहायला लागलो आणि थांबलो. वाकून पाहिलं. दोन्ही पाळ्या कोऱ्या होत्या. शेठजींच्या कानाला भोकं, चुलत्याच्या कानाला भोकं, आणि ह्याच्या नाहीत.

बाहेर येऊन शेठजींना सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, तो हिच्या माहेरचा कुळाचार. मंद्रूपला तिचं माहेर. त्या घरात मुलांचे कान टोचत नाहीत, लेकीच्या मुलांचेही नाहीत. देवाचा कौल आहे म्हणतात. मुलींचे चालतात. सासूबाईंनी लग्नातच हे घालून दिलं होतं, ते आम्ही पाळत आलो.

ठाण्यात येऊन मी हवालदाराला म्हटलं, असला कसला देव रे, पोरींचे कान चालतात आणि पोरांचे चालत नाहीत? आमचा हवालदार म्हातारा, मुसलमान, आमच्या सगळ्या सणांची माहिती माझ्यापेक्षा त्याला जास्त. तो म्हणाला, "साब, देव को कान से क्या लेना? किसी माँ ने बोला होगा, देव का नाम लिया होगा." मी त्याच्यावर खेकसलो, की माझ्या धर्मातलं मला शिकवू नकोस. पण जीप काढायला सांगितली.

मंद्रूपला त्या दिवशी बाजार होता. मी त्या घरी गेलो नाही. घरी गेलो असतो तर तोच देवाचा कौल पुन्हा ऐकावा लागला असता. विचारत विचारत सोनाराच्या दुकानात गेलो. साठीचा माणूस, कामात मान खाली घालून बसला होता. त्या घराचं नाव काढताच त्यानं फुंकणी खाली ठेवली आणि दुकानाचं एक दार ओढून घेतलं.

त्यानं जे सांगितलं ते असं. त्याच्या बापाच्या हयातीत त्या घरातलं एक पोरगं कान टोचायला आणलं होतं. नेहमीसारखी सोन्याची तार घातली. घरी नेल्यावर कान वाहायला लागला. हळद झाली, चुना झाला, तंबाखू झाली, कोळिष्टकं लावून झाली. चार दिवसांनी पोरगं गेलं. पुढं त्याच आईचं दुसरं पोरगं ओट्यावरून पडलं, ओठ फुटला, तेही तसंच गेलं. गावात बोभाटा व्हायच्या आत घरच्या म्हातारीनं देवाचा कौल काढला. मुलांचे कान टोचायचे नाहीत. दोष घरात नव्हताच, सोनाराच्या हाताला होता, असं गावात पसरवलं. त्या दोन पोरांची बहीण म्हणजेच शेठजींच्या मुलाची आई.

"आमच्या बापाकडं मग कुणी पोर आनलंच न्हाय, साहेब," तो म्हणाला. "त्यानं पुना तार हातात धरली न्हाय. मरस्तवर म्हनायचा, माजा हात साफ हुता."

त्याच्या दुकानातून उठताना मला ठाण्यातल्या बाकावर बसलेला तो तडकलेल्या चष्म्याचा डॉक्टर आठवला.

परत येताना एकच विचार. ती बाई मला खरं का बोलली नाही हे आता कळलं होतं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा शेजारी विहीण, मी विचारलं तेव्हाही शेजारी विहीण. रक्ताचा दोष असलेल्या घरातली मुलगी कोण करून घेणार? तोंड उघडलं तर लेकीचं लग्न मोडणार आणि मिटलं तर लेकाचा जीव जाणार, ह्या कात्रीत ती व्हरांड्यात उभी होती आणि मी तिच्या तोंडावर काठीसारखा प्रश्न आपटला होता.

आमच्या ठाण्यात त्या काळी महिला पोलीस नव्हती. मी दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंना विनंती केली आणि त्यांच्या खोलीत आईला बोलावून घेतलं. नर्सबाई शेजारी बसल्या. दार लावलं. मी खुर्ची सोडून खाली स्टुलावर बसलो आणि रक्ताबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हटलं, बाई, मी मंद्रूपला जाऊन आलो. सोनाराच्या दुकानात बसून आलो.

ती उभी होती ती खाली जमिनीवरच बसली. रडली नाही. बराच वेळ बोटांनी फरशीची फट चाचपत राहिली.

"माजी दोन भावंडं अशीच गेली," ती म्हणाली. "आमच्या आईनं, अव्वानं, देवापुढं शपत घातली, सासरी बोलायचं न्हाय. ह्याचे गुडगे सुजायचे ल्हानपनी, मी वात म्हनून तेल लावायची. वाटलं, मोठा झाला, ह्यातनं सुटला. साहेब, पोरीचं लगीन वैशाखात हाय की."

मी म्हटलं, पोरगा जाईल, बाई.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "कालपास्नं ठाव हाय."

आई असून ती गप्प कशी राहिली, असं कुणी म्हणेल. मीही तिथं बसून आधी तेच म्हणणार होतो. पण तिच्याकडं पाहून म्हटलं नाही. जिचे दोन भाऊ डोळ्यांसमोर गेले, तिला तोंड मिटायलाही आपणच सगळ्यांनी शिकवलं होतं. तिच्या आईनं, तिच्या गावानं, मुलगी पाहायला येताना घराण्याची सात पिढ्यांची चौकशी करणाऱ्या आमच्यासारख्यांनी. माझ्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नात मी मुलाकडच्यांना आत्याचं वेड लपवून ठेवलं होतं. मला त्या नर्सबाईंसमोर लाज वाटली.

तिनं एकच मागणं केलं. सांगा सगळं, डॉक्टराला सोडा, पण लिहू नका. मी सांगितलं की लिहिल्याशिवाय डॉक्टर सुटत नाही. मग ती म्हणाली, लिहा, पण विहीणबाईंच्या कानावर घालू नका. हे मी कबूल केलं. तिचा दुसरा जबाब तिथंच लिहिला, वाचून दाखवला. नर्सबाईंनी शेठजींना आणि सर्जनना आत बोलावलं.

शेठजींनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ते बायकोवर हात उगारतील. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मला तरी सांगायचं गं. मी काय परका व्हतो?" मग सर्जनकडं वळून ते म्हणाले, जे काय घालायचं असंल ते घाला, कातड्याचं असू द्या न्हायतर कशाचं असू द्या.

पण घालायचं ते माझ्या मुद्देमालाच्या कपाटात होतं, लाखेचं सील मारून! सर्जन माझ्याकडं पाहत राहिले. मी इन्स्पेक्टर साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय सील तोडता येत नाही. मी म्हटलं, परवानगीचा अर्ज मागाहून देतो, पोरगं मागाहून आणता यायचं नाही. साहेब म्हणाले, पंच नीट घे. तेच पंच बोलावले, सील तोडल्याचा पंचनामा केला, अर्धी डबी दवाखान्यात पोचवली आणि अर्धी पुन्हा सील केली. स्पंज बसवायला सर्जननी त्या दातांच्या डॉक्टरलाच बोलावलं. बाकावरून उठवून त्याला मी जीपमधून घेऊन गेलो. त्याच्या कपड्यांवर सकाळी लोकांनी फेकलेली शाई आणि काचांचा चुरा तसाच होता. त्यानं टाके हळूहळू काढले, स्पंजाचा तुकडा औषधात भिजवून खड्ड्यात बसवला आणि बोटानं दाबून कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. ताजं रक्त द्यायला ठाण्यातले शिपाई आले, म्हाताऱ्या हवालदाराचा मुलगाही आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाझर थांबला. पोरगं वाचलं.

सर्जननी शेठजींना आणि मला बसवून समजावलं की हा दोष मुलांना होतो पण मुलींकडून पुढं जातो. मुलीला स्वतःला बहुतेक काही होत नाही. शेठजींनी मान डोलावली. मीही डोलावली. त्या क्षणी आम्हा दोघांच्या डोक्यात त्यांची मुलगी यायला हवी होती. आली असती तरी तिच्याआधी वैशाखातलं तिचं लग्नच डोक्यात आलं असतं.

शेठजींनी गैरसमजातून फिर्याद दिल्याचं लिहून दिलं. मी गुन्हा घडलेला नाही असा अहवाल आईच्या जबाबासह वर पाठवला आणि कागद दप्तरी जमा झाले. कायद्याप्रमाणं डॉक्टर सुटला. गावाप्रमाणं नाही सुटला. गावाला एवढंच ठाऊक होतं की शेठजी मोठ्या मनाचे म्हणून त्यांनी माफ केलं. दवाखान्याच्या जिन्यात कुणीतरी कोळशानं कातडीवाला असं लिहिलं. बाकावर पेशंट बसेनासा झाला. मला राहवलं नाही, मी त्याला सांगितलं की जबाबाची नक्कल माग, चार प्रतिष्ठित लोकांना दाखव, तुझ्यावरचा डाग जाईल.

तो म्हणाला, "त्या मुलीचं लग्न आहे ना, साहेब? राहू द्या. पेशंटच्या घरातली गोष्ट आहे."

काही महिन्यांनी तो आंध्रात नातेवाइकांकडं निघून गेला. जाताना उरलेले स्पंज सरकारी दवाखान्यात देऊन गेला. वैशाखात लग्न झालं, मला आमंत्रण होतं, मी गेलो, पंगतीत बसून यथेच्छ जेवलो. आईनं स्वतः मला वाढलं. तिनं वर पाहिलं नाही आणि मीही नाही. मनात म्हटलं, चला, एका मुलीचं भलं झालं.

पुढं काही वर्षांनी, माझी बदली होऊन मी परत त्याच ठाण्यात इन्स्पेक्टर म्हणून आलो होतो. एका दुपारी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आत आली. मुलाच्या एका कानाच्या पाळीवर पट्टी होती. मी ओळखलं नाही. तिनं शेठजींचं नाव सांगितलं तेव्हा मी उभा राहिलो.

तिच्या सासरी मंगळवेढ्याला मोठ्या कौतुकानं नातवाचे कान टोचले होते. एक कान झाला, दुसरा टोचायच्या आधीच पहिला वाहायला लागला. तिची आई तोवर वारली होती. आईच्या माहेरी मुलांचे कान टोचत नाहीत हे हिनं ऐकलं होतं, पण तो आजोळचा कुळाचार, सासरी कोण पाळणार? भाऊ दाढेनं मरता मरता वाचला हेही ठाऊक होतं, पण तिला घरात सांगितलं होतं ते एवढंच की डॉक्टर वाईट होता. मूल सोलापूरला आणलं. त्याच सर्जननी पाहिलं, घराणं विचारलं, आणि कपाटातून स्पंज काढून पाळीला दोन्ही बाजूंनी दाबून बसवला. मूल वाचलं. सर्जननीच तिला सगळं सांगितलं, तुझ्या आईचा जबाब पोलिसांत आहे हेही.

"आईला ठाव व्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाबांना ठाव व्हतं. तुमाला ठाव व्हतं. त्या डॉक्टरला ठाव व्हतं, त्यानं माज्यापायी गाव सोडलं. सगळ्यांनी माजं लगीन सांबाळलं. मला सोडून सगळ्यांना ठाव व्हतं, साहेब."

ज्या ठाण्यात माझा आवाज माझ्याआधी यायचा, तिथं मी नुसता उभा होतो. नोकरीभर मी लोकांकडून खरं काढून घेतलं आणि तेच माझं काम असं समजत आलो. काढलेलं खरं कुणाला द्यायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या दिवसानंतर एक सवय मी लावून घेतली. कागद दप्तरी पाठवण्याआधी स्वतःला विचारायचं, ह्यातलं ज्याला कळायलाच हवं असा कुणी बाहेर राहिला आहे का? बऱ्याचदा कुणीतरी राहिलेलं असतं. बाईमाणसाला काही विचारायचं झालं तर आधी शेजारी कोण बसलंय ते पाहायचं, हेही तिथूनच. पण हे शहाणपण मला ज्यांच्याकडून मिळालं त्यांच्या ते काही उपयोगी पडलं नाही.

तिनं जबाब वाचायला मागितला. मी दप्तरातून काढवून घेतला. मुलाला टेबलावर बसवून ती उभ्यानंच वाचत राहिली, आईच्या अंगठ्यावर थोडा वेळ बोट ठेवून होती. मग तिनं पानं उलटून पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"ह्यात माजं नाव कुटं हाय?" तिनं विचारलं.

नव्हतं. भावाचं होतं, बापाचं होतं, मेलेल्या दोन मामांचं होतं, सोनाराचं होतं. तिच्याविषयी माझ्याच अक्षरात एवढंच होतं: एक मुलगी, लग्न ठरलेली.